शब्बाथसाठी ठेवलेलं अंडं

शुक्रवारी दुपारी थोरलीने ओट्यावरचं कपाट उघडलं, वरच्या फळीवरची वाटी खाली घेतली, झाकण उचललं आणि तशीच उभी राहिली. वाटीत पाव होता. अंडं नव्हतं.

"माझं अंडं कुणी घेतलं?"

आवाज असा की बाहेरच्या खोलीत नुकता डोळा लागलेले सासरे खडबडून उठले आणि चष्मा शोधू लागले. थोरलीचा नवरा, चौकातला घड्याळजी, सणाचं जेवून वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडला होता. त्याने वर्तमानपत्र बाजूला केलं नाही. लेक तेवढी धावत आली.

"कुठलं अंडं, आई?"

"कुठलं म्हणून काय विचारतेस? शब्बाथचं!"

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला.

ज्यांच्या घरात हे अंडं कधी ठेवलं गेलं नाही त्यांना एका अंड्यासाठी एवढा आरडाओरडा कशाला असं वाटेल. ज्यूंच्या नव्या वर्षाचा सण दोन दिवसांचा. सणाच्या दिवशी स्वयंपाक करायला देवाने मोकळीक दिलेली आहे, पण त्या दिवसापुरती. उद्याचं आज शिजवायचं नाही. सण गुरुवार-शुक्रवारी आला की पेच पडतो, कारण शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि शब्बाथला तर चुलीला हातच लावायचा नाही. मग शब्बाथचं जेवण शिजवायचं कधी? जुन्या लोकांनी त्यावर अशी तोड काढली की ऐकून आधी हसू यावं आणि मग हात जोडावेत. बुधवारी, सण लागायच्या आत, एक उकडलेलं अंडं आणि एक पाव बाजूला ठेवायचा आणि आशीर्वादाचे शब्द म्हणायचे. ते अंडं वाटीत बसून देवाला सांगत राहतं, शब्बाथचा स्वयंपाक या घराने आधीच सुरू केलाय बाबा, शुक्रवारी नुसता पुढे चालवतील. अंडं जागेवर आहे तोवर चूल आपली. अंडं गेलं की कच्चं ते कच्चंच.

आणि कच्चं काही थोडंथोडकं नव्हतं. फ्रिजमध्ये सासूबाईंच्या जुन्या, कल्हई केलेल्या तांब्याच्या पातेल्यात चौदा माणसांना पुरेल एवढं मांस कांद्यात मुरत पडलं होतं. बाजूला सुके आलुबुखार, गाजरं, भोपळा, परातीत चाळून ठेवलेली कणीक. आज संध्याकाळी लेकीचे होणारे सासू-सासरे गोतावळा घेऊन पहिल्यांदा या घरी जेवायला येणार होते. सोयरीक ठरली होती, पण विहीणबाईंनी अजून या घरचा घास खाल्ला नव्हता. थोरली शाळेच्या भोजनगृहात मुख्य स्वयंपाकीण. तीनशे पोरांना एका डावाने गप्प बसवणारी बाई. तिने व्याह्यांपुढे आज सुका पाव आणि सफरचंद ठेवायचं?

"वरचीनेच नेलं," थोरली म्हणाली. "दुसरं कोण?"

"काकू कशाला नेईल?" लेक म्हणाली.

"माझं नाक कापायला! तिला ठाऊक आहे आज कोण येणारे ते."

वरची म्हणजे धाकटी जाऊ. एकच जिना, वर धाकटा भाऊ आणि त्याची बायको, खाली थोरला, त्याची बायको, लेक आणि म्हातारे सासरे. सासूबाई होत्या तोवर स्वयंपाक खालीच, सगळ्यांचा एकत्र. त्या गेल्या आणि त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या जेवणासाठी धाकटीने ते तांब्याचं पातेलं एका दिवसापुरतं मागितलं. "ते पातेलं माझ्या ओट्यावरून हलणार नाही," थोरली म्हणाली. पुढच्याच महिन्यात धाकटीने वर स्वतःची शेगडी मांडली. तेव्हापासून जिन्यात बोलणं फक्त सासऱ्यांच्या औषधांपुरतं, आणि तेही टोचून.

थोरली जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

"अगं ए! खाली ये!"

वरचं दार उघडलं. धाकटी बाहेर आली, हात पुसत, मुळीच घाई न करता. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून राहून तिला गिऱ्हाइकाकडे वरून बघायची सवय झाली होती.

"काय झालं जाऊबाई? आग लागली का?"

"माझं अंडं दे."

"कसलं अंडं?"

"सोंग करू नकोस. वाटीतलं. परवा रात्री जेवायला आली होतीस तेव्हा मारलंस हात."

"हे बघा," धाकटी एक पायरी खाली आली. "माझ्या हाताखालून रोज खोक्यांनी गोळ्या जातात. त्यातली एक कधी पर्समध्ये गेली नाही. तुमच्या उकडलेल्या अंड्यासाठी मी चोर होईन?"

"गोळ्या नेऊन करणार काय? अंडं नेलं की माझी चूल बंद पडते, तुला कळतं तेवढं."

"कळतं तर. मला वाटलं तुम्हीच विसरलात. बुधवारी ह्याच पायरीवर मी काय विचारलं होतं, आठवतंय?"

थोरलीला आठवत होतं. अंडं ठेवताना दुसऱ्या घराचंही नाव घेता येतं, म्हणजे एका अंड्यावर दोन चुली चालतात. वर चूल मांडल्यावरचा हा पहिलाच मोठा सण, तेव्हा धाकटी बुधवारी जिन्यात थांबून म्हणाली होती, "तुमच्या अंड्यात आमचंही नाव घ्याल का?" विचारायला तिला जड गेलं होतं, हे दिसत होतं. थोरलीने भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली होती आणि म्हणाली होती, "चूल वेगळी मांडलीस ना? मग अंडंही वेगळं ठेव."

"तेव्हाचं आत्ता काढू नकोस," थोरली म्हणाली.

"मी कुठे काढतेय? तुम्हीच मला चोर म्हणून बाहेर काढलंत."

एवढ्यात सासरे चष्मा लावून दारात आले. त्यांचे कान मंद झाले होते. कुणी काम सांगितलं तर मुळीच ऐकू यायचं नाही, पण प्रार्थनालयात धर्मगुरू रब्बी गात-गात प्रवचन सांगायला लागले की शेवटच्या बाकावरून त्यांना शब्द न्‌ शब्द कळायचा, आणि घरी येऊन ते त्याच चालीत म्हणून दाखवायचे. कालचं प्रवचन दोन बायकांवर होतं. एक दुसरीला टोचून टोचून रडवते, आणि रडणारीचं देव ऐकतो. रब्बींनी ते असं आळवलं होतं की पुरुषांच्याही नाकाला रुमाल लागले. दोघी जावा घरी आल्या त्या मनात खूष होऊन. थोरलीला वाटलं, बरं ऐकवलं हिला. धाकटीला वाटलं, बरं ऐकवलं हिला.

"काय हरवलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"अंडं, बाबा! वाटीतलं अंडं!" थोरली त्यांच्या कानाशी ओरडली.

"अंडं ना? ते माशावर होतं की."

"कुठल्या माशावर?"

"परवाच्या. तू किसून टाकलंस. पिवळं पिवळं, फुलासारखं. छान दिसत होतं."



परवा रात्री, म्हणजे बुधवारी सूर्य मावळून सण लागला त्या रात्री, सासऱ्यांच्या हट्टाखातर दोन्ही घरं खाली एकत्र जेवली होती. थोरलीने नेहमीसारखा गोड मासा केला होता, अख्खा, डोक्यासकट, कारण नवं वर्ष डोक्याने सुरू व्हावं, शेपटीने नव्हे. टेबलावर तो मांडतेय तोच धाकटी स्वतःचा मासा घेऊन उतरली. मिऱ्यांचा. वर लिंबाच्या पातळ चकत्या, खवल्यांसारख्या रचलेल्या. "आमच्या ह्यांना गोड मासा उतरत नाही घशाखाली," म्हणाली, आणि थोरलीच्या माशाशेजारीच ठेवून दिला. त्या सजवलेल्या माशाजवळ थोरलीचा मासा असा उघडाबोडका दिसायला लागला की ती तडक आत गेली, कपाट उघडलं, हाताला जे उकडलेलं लागलं ते घेतलं आणि किसणीवर चालवलं. डोक्यात तेव्हा शब्बाथ नव्हता. डोक्यात लिंबाच्या चकत्या होत्या.

"म्हणजे," धाकटी सावकाश म्हणाली, "तुमचं शब्बाथचं अंडं मीही खाल्लं."

"दोन घास तर घेतलेस."

"गोड होता. पण अंड्याने जरा बरा लागला."

थोरलीला एकदम काहीतरी सुचलं. ती वळली आणि फ्रिजकडे धावली. अंडं अख्खं लागत नाही. ऑलिव्हच्या फळाएवढं उरलं तरी चालतं. माशाचं ताट! तिने झाकण काढलं. ताटात काटे होते, बाकी ताट काचेसारखं चकचकीत. कण नव्हता.

"हे कुणी पुसलं?"

वर्तमानपत्राखालून घड्याळजी म्हणाला, "धाकट्याने. पावाने. म्हणत होता, खाली रस उरलाय, वाया कशाला घालवायचा."

"भाऊजींना गोड मासा घशाखाली उतरत नाही ना?" थोरली जिन्याकडे ओरडली.

वर दार लागलं. धाडकन नाही. हळूच, आणि त्यात जास्त राग होता.

---

घड्याळजीला रब्बींकडे पाठवलं. सणाचा दिवस, त्यामुळे फोन नाही, गाडी नाही. तो कोट चढवून चालत गेला, आणि परत आला तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर तिरकं चढलं होतं.

"काय म्हणाले?"

"बस तर खरी."

"मला बसायचं नाही. काय म्हणाले?"

"म्हणाले, सगळ्या गावासाठी मीही एक अंडं ठेवतो. विसरभोळे, आजारी, परगावचे, यांच्यासाठी." घड्याळजीने घसा साफ केला. "मग म्हणाले, गेल्या वर्षीही तुमच्या बाईंना माझ्याच अंड्यावर शब्बाथ करावा लागला होता ना? तेव्हा सांगितलं होतं, एकदा विसरलं तर माझं आहे, दरवेळी माझ्यावर विसंबलात तर ते विसरणं नव्हे."

"विसरले कुठे? ठेवलं होतं मी!"

"तेही सांगितलं. किसलं म्हणूनही सांगितलं. हसले थोडे."

"हसले?"

"दाढीत. मग विचारलं, घरात दुसरं अंडं शाबूत आहे का? म्हटलं वर आहे, भावाकडे. मग त्यांनी ते धडा गातात तसं अंगठा हलवत सांगितलं." घड्याळजीने चाल धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "ज्याचं अंडं गेलं त्याने आपलं सगळं कच्चं अन्न, ज्याचं अंडं आहे त्याला देऊन टाकायचं. ते त्याचं झालं की तो ते शब्बाथसाठी शिजवू शकतो. नाहीतर तुला एक पाव, एक पातेलं आणि एक दिवा, एवढंच."

"एक पातेलं चौदा जणांना?"

"छोटं पातेलं, म्हणाले. पोटापुरतं."

"ठीक आहे. मग तिला सांग, शिजव म्हणावं आणि परत दे."

"तेच तर नाही चालत." घड्याळजीने पहिल्यांदा बायकोच्या डोळ्याला डोळा दिला. "शिजवून परत दे असं मनात धरून दिलं तर ते देणं नव्हे, ते काम सांगणं झालं. द्यायचं म्हणजे द्यायचं, म्हणाले. तिला वाटलं तर ती फेकूनही देऊ शकते, अशा बेताने."

थोरलीने एप्रन सोडला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग पुन्हा उचलला आणि घडी मोडून दुसरी घातली.

"आई," लेक म्हणाली, "मी जाऊ का वर? मी सांगते काकूला."

"तू नको. तुझ्या सोयरिकीचं जेवण मागायला तू गेलीस असं आयुष्यभर ऐकवेल ती."

"मग बाबा?"

"तुझा बाबा चोराकडून घड्याळ परत घ्यायचं तर त्याला किल्ली देऊन येईल."

म्हणून ती स्वतः चढली. धाकटीने चूल मांडल्यापासून थोरली त्या जिन्याच्या वळणापलीकडे गेली नव्हती. दार धाकटीनेच उघडलं. आतून मिऱ्यांचा वास आला. शेगडीवर एक बारीक ज्योत तेवत होती, सणाआधी लावलेली, कारण सणात नवी आग पेटवता येत नाही, पेटलेल्यावरून पेटवता येते. खिडकीत एक बशी, बशीत पाव, पावाजवळ अंडं. कवच तसंच. थोरलीची नजर आधी तिथेच गेली.

"आलात? या. स्टुलावर बसा, खुर्चीवर इस्त्रीचे कपडे आहेत."

"बसायला आले नाही."

"माहितेय. दादा रब्बींकडे गेले तेव्हाच खिडकीतून बघितलं. मला नियम ठाऊक आहे, जाऊबाई. माझ्या आजोळी रब्बीच होते."

"मग जास्त बोलायला नको. मांस, भोपळा, गाजरं, कणीक. सगळं तुला दिलं."

"असं नाही."

"मग कसं? गुडघे टेकू?"

"बुधवारी जिन्यात काय म्हणालात ते एकदा म्हणा. तेवढं ऐकते आणि घेते."

खाली पाहुणे दारात यायला अजून काही तास होते, आणि मांसाला मंद आचेवर तेवढेच तास लागतात. तिला ते धाकटीपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"चूल वेगळी मांडलीस ना," थोरली म्हणाली. शब्द भिंतीला सांगितल्यासारखे. "मग अंडंही वेगळं ठेव."

"ठेवलं," धाकटी म्हणाली. "म्हणून आहे."

---

देणं पूर्ण व्हायचं तर घेणाऱ्याने वस्तू हाताने उचलावी लागते. धाकटी खाली आली आणि एकेक उचलू लागली. कणकेची परात उचलली, ठेवली. भोपळा उचलला, ठेवला. गाजरं, आलुबुखाराची पिशवी, मधाची बरणी. प्रत्येक वेळी थोरलीकडे बघायची आणि थोरली म्हणायची, "दिलं." सासरे खुर्ची ओढून एखादं नाटक बघावं तसे बसले होते. शेवटी फ्रिज उघडला आणि धाकटीने तांब्याच्या पातेल्याच्या कड्यांना हात घातला.

"मांस दिलं," थोरली म्हणाली. "पातेलं नाही."

"मग मांस काढून द्या."

"कशात काढू? एवढं मोठं दुसरं कुठे आहे?"

"माझ्याकडेही नाही. एकदा मागायला आले होते, तेव्हा दिलं असतंत तर माप तरी कळलं असतं, असं एक घेऊन ठेवलं असतं. माझ्या चुलीवर जायचं तर पातेल्यातच जाईल. नाहीतर राहू दे इथेच."

"उसनं दिलं," थोरली दातात म्हणाली. "उसनं."

"मीही उसनंच मागितलं होतं."

दोघे भाऊ मिळून पातेलं वर घेऊन गेले. धाकटा वायरमन होता, वजनं उचलायची सवय असलेला, पण वळणावर त्याने भावाला हळूच विचारलं, "दादा, ते माशाचं ताट मी पुसलं म्हणून सांगितलंस का रे?"

"नाही तर काय सांगणार?"

"तू घड्याळं दुरुस्त कर. तोंड उघडत जाऊ नकोस."

थोरली मागोमाग चढली. तिने तेच स्टूल दाराशी ओढलं आणि बसली. तिच्या घरचं अंडं गेलेलं, म्हणजे शब्बाथच्या कुठल्याही पातेल्यात तिने डाव फिरवायचा नाही, कणीक मळायची नाही, साधं झाकण सरकवायचं नाही. तीनशे पोरांची स्वयंपाकीण मांडीवर हात ठेवून बसली. ते हात तिला दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते.

"आच मोठी झाली."

"माझं मांस आहे."

"खाली लागेल."

"लागलं तर माझं लागेल."

धाकटीने आलुबुखाराची पिशवी उचलली, वास घेतला आणि बाजूला ठेवून दिली. मग लिंबू हातात घेतलं.

थोरली स्टुलावरून अर्धी उठली. "लिंबू? नव्या वर्षाला आंबट? सगळं वर्ष आंबट जावं म्हणून?"

"हे जेवण नव्या वर्षाचं नाही. सूर्य मावळला की नवं वर्ष संपलं, शब्बाथ लागला. शब्बाथला लिंबू चालतं. आजोळी रब्बी होते म्हटलं ना."

"विहीणबाईंना गोड आवडतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. विहीणबाईंना तिने दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा चहावर, आणि दोन्ही वेळा त्यांनी साखर किती म्हटल्यावर हात हलवला होता. तो हात होकाराचा की नकाराचा, हे तिने विचारलं नव्हतं. दोन चमचे टाकून मोकळी झाली होती.

मिरे कुटले गेले. लिंबू पिळलं गेलं. तिच्या सासूच्या पातेल्यात, तिने दोन दिवस मुरवलेल्या मांसावर. कांदा रंग धरत होता आणि धाकटी डाव चुकीच्या हाताने धरत होती, तळाशी न जाता मधल्यामध्ये फिरवत होती, आणि थोरलीच्या खांद्यात कळ येत होती.

"तळापासून," ती शेवटी म्हणाली. "आदेश देत नाही. पातेलं जुनं आहे, उजव्या अंगाला कल्हई गेली आहे. तिथे धरतं."

धाकटीने मान वळवली नाही. पण डाव उजव्या अंगाला गेला आणि तळापासून आला.

"सासूबाईंनी तुम्हाला सांगितलं होतं का?"

"मला कोण सांगणार? जाळून जाळून कळलं."



---

सूर्य मावळायच्या आत पातेलं खाली आलं आणि शेगडीवर टाकलेल्या पत्र्यावर उबेला बसलं. वरचं टेबल चार माणसांचं, म्हणून जेवण खालीच मांडलं, पण बोलावणं धाकटीने केलं. तिने ते दारात उभं राहून केलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "या, आज जेवण माझ्याकडून आहे. जाऊबाई, तुम्हीही या." स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून बोलावलं गेल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते त्या दिवशी लेकीने पाहिलं. दोन दिवे लागले. गोल पावावरचं फडकं निघालं. सासऱ्यांनी द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हटला, आणि रब्बींची चाल अशी काही लावली की विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग मांस वाढलं गेलं. विहीणबाईंनी घास घेतला. थोरली त्यांच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होती. हात थांबला. मग पावाचा तुकडा मोडून रशात बुडवला. मग आणखी एक.

"मी तुम्हाला एक सांगू?" विहीणबाई थोरलीला म्हणाल्या. "मी भीत भीत आले होते. सणाचं म्हणजे सगळीकडे गोड. दोन दिवस गोड खाऊन जीव नकोसा झाला होता. हे कसं केलंत हो? मला सांगाल?"

टेबलावर चमचे थांबले. लेकीने आईकडे पाहिलं. घड्याळजीने पाण्याच्या पेल्यात पाहिलं. धाकटी परातीतला पाव कापत होती आणि सुरी अर्ध्यावर होती. ती काही बोलणार नव्हती. वाट बघत होती, आणि ती वाट बघण्यात दया मुळीच नव्हती.

थोरलीला सगळं येत होतं. किती कांदा, किती मिरे, लिंबू कधी. स्टुलावर बसून तिने सगळं पाहिलं होतं. ती सांगू शकली असती आणि ते खरंही असतं.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "हे हिचं आहे. मीही आज हिच्याकडे जेवायला आलेय." मग जरा थांबून, कारण एवढ्यावर थांबणं तिला जमणारं नव्हतं: "मीठ थोडं कमी आहे."

"मांस जाऊबाईंनी मुरवलं होतं," धाकटी म्हणाली. "मीठ त्यांनीच घातलं होतं."

विहीणबाई हसल्या. त्यांना वाटलं, किती गोडीगुलाबी आहे या घरात.

---

शब्बाथ संपल्यावर धाकटीने पातेलं घासून, पुसून जिन्याच्या मधल्या पायरीवर आणून ठेवलं. तिने ते खाली नेलं नाही आणि थोरलीने ते उचललं नाही. उसनं दिलेलं परत करायचं घेणाऱ्याने, असं एकीचं म्हणणं. आपलं आहे तर घेऊन जावं, असं दुसरीचं. सासरे वर जाता-येता त्यावर हात टेकवून दम खायचे. धाकटा दोनदा अंधारात अडखळला आणि दोन्ही वेळा जे बोलला ते सणासुदीला लिहिण्यासारखं नव्हतं. त्या पायरीवर एकदा तेवढं धाकटीने उजव्या अंगाला बोट फिरवून पाहिलं. पुढच्या आठवड्यात कल्हईवाल्याकडून पातेलं आतून चांदीसारखं होऊन आलं आणि पुन्हा त्याच पायरीवर बसलं. कुणी नेलं, कुणी आणलं, कुणी विचारलं नाही.

मग मंडपाचा सण आला. तोही गुरुवारी, त्याच्याही पाठीला शब्बाथ चिकटलेला. बुधवारी संध्याकाळी थोरलीने अंडं उकडलं, वाटीत ठेवलं, वाटी कपाटात ठेवली, मग पुन्हा बाहेर काढली. लेकीला म्हणाली, "ह्याला कुणी हात लावला तर हात तोडीन. मी लावला तर माझाही." आणि वाटी नि प्रार्थनेचं पुस्तक घेऊन जिन्यात, पातेल्याच्या पायरीपर्यंत गेली.

"अगं ए!"

वरचं दार उघडलं.

"अंडं ठेवतेय. तुमचं नाव घेऊ का ह्याच्यात?"

धाकटी कठड्याशी आली. वाटीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"नको," ती म्हणाली. "मी माझं वेगळं ठेवलंय."

थोरलीचा चेहरा दगडासारखा झाला. ती वळलीच होती.

"तुमचं नाव घेतलंय त्याच्यात," वरून आवाज आला. "तुमच्या हाताचा काय भरवसा?"

थोरली पायरीवर थांबली. वळून बघितलं नाही. वाटी एका हातात धरून तिने दुसऱ्या हाताने आशीर्वादाचं पान उघडलं आणि तिथेच, जिन्यात, पातेल्याशेजारी उभी राहून म्हणायला लागली. स्वतःच्या घराचं नाव घेतलं. मग थोडं थांबली. मग आवाज मुद्दाम चढवला, वर नीट ऐकू जावा म्हणून, आणि रागारागाने दुसऱ्या घराचंही नाव घेतलं.